पैसा डब्लिनचा, रस्ता बेलफास्टचा : मधल्या मंत्र्याचं काम नक्की काय असतं?

डंडॉककर | शनिवार, रात्री ९:४०

मागे एका धाग्यावर मी म्हटलं होतं की इथे सरहद्द रस्त्याच्या कडेच्या रेघेवरून कळते. आयर्लंडात ती रेघ पिवळी, तुटक. उत्तर आयर्लंडात शिरलात की पांढरी. पाट्यांवरच्या किलोमीटरचे मैल होतात, पेट्रोलचा भाव युरोतून पौंडात जातो, बास. चौकी नाही, फाटक नाही. त्यावर कोणीतरी विचारलं होतं, "मग या मधल्या गावांकडे बघतं कोण? हे सरकार की ते?" उत्तर लिहायला बसले आणि लांबलंच, म्हणून हा वेगळा धागा.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली (दक्षिण वेगळा देश, राजधानी डब्लिन; उत्तर ब्रिटनकडे, राजधानी बेलफास्ट) तेव्हा साधारण ५०० किलोमीटरची रेघ शेतांमधून, कुठे कुठे घरांमधूनसुद्धा गेली. आज तिला २०८ सार्वजनिक रस्ते ओलांडतात. सर्वात मोठा फटका बसला डेरीला. शहर उत्तरेत राहिलं आणि ज्या डॉनिगॉलमधून त्याचा बाजार भरायचा तो जिल्हा दुसऱ्या देशात गेला. बाजारपेठ इकडे, गिऱ्हाईक तिकडे. १९६५ मध्ये पोर्टाडाऊनहून ओमा, स्ट्राबेनमार्गे डेरीला येणारी रेल्वे बंद झाली. त्याच वर्षी उत्तरेतलं दुसरं विद्यापीठ डेरीला न देता कोलरेनला द्यायचं ठरलं. तेव्हा डेरीतल्या लोकांनी जॉन ह्यूमच्या पुढाकारात गाड्यांचा ताफा घेऊन थेट स्टॉर्मंटवर, म्हणजे तिथल्या विधानसभेवर, धडक मारली होती. विद्यापीठ मिळालं नाही ते नाहीच. डेरीतली म्हातारी माणसं हा विषय आजही काल घडल्यासारखा काढतात.

पैसा यायला लागला तो बऱ्याच नंतर. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय निधी आला, अमेरिका वगैरेंचा. १९९४ ला आयआरए (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) आणि तिच्या विरोधी गटांची शस्त्रसंधी झाली आणि १९९५ पासून युरोपियन युनियनचा 'पीस' कार्यक्रम. त्यासाठी युरोपीय संसदेतले उत्तर आयर्लंडचे तीन खासदार ब्रसेल्सला युरोपियन कमिशनचे अध्यक्ष जॅक दलोर यांच्याकडे एकत्र गेले: जॉन ह्यूम, इयन पेझली आणि जिम निकल्सन. ह्यूम आयरिश राष्ट्रवादी, पेझली कट्टर ब्रिटननिष्ठ; त्यांचं एरवी किती जमायचं ते इथल्या कुणालाही विचारा. पैशासाठी एका दारातून आत गेले, हे मला फार आवडतं.

१९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारातून हा पैसा वाटणारं एक सामायिक मंडळ निघालं, विशेष युरोपीय कार्यक्रम मंडळ. ते दोन्ही सरकारांचं मिळून आहे. सध्याचा कार्यक्रम 'पीस प्लस', २०२१ ते २०२७, एकूण सुमारे ११४ कोटी युरो. नाव युरोपचं असलं तरी ब्रेक्झिटनंतर यात सर्वात मोठा वाटा ब्रिटनच्या बाजूचा आहे. पात्र भाग म्हणजे अख्खं उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेतले सहा जिल्हे: डॉनिगॉल, लिट्रिम, स्लायगो, कॅव्हन, मोनॅहन आणि आमचा लाऊथ.

आता मंत्री. मला लिहायचंय ते कॉनर मर्फींबद्दल. हा माणूस कॅमलॉकचा, म्हणजे न्यूरीच्या बाजूचा, अगदी सरहद्दीवरचा. शिन फेन पक्ष, म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणारा. तरुणपणी आयआरएच्या खटल्यात तुरुंगवास. २००७ ते ११ प्रादेशिक विकास मंत्री, २०२० ते २२ अर्थमंत्री, फेब्रुवारी २०२४ पासून वर्षभर अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री. (तिथे ही दोन वेगळी खाती आहेत. तिजोरी एकाकडे, उद्योग-नोकऱ्या-विद्यापीठं दुसऱ्याकडे.) मग २०२५ मध्ये गडी डब्लिनच्या सेनेटवर निवडून गेला आणि खातं कीव्हा आर्चिबाल्डकडे आलं. सीमापार निधीची फाईल सांभाळणारा मंत्री स्वतःच सीमापार गेला!

माझा प्रश्न असा आहे. पैसा डब्लिनचा, ब्रसेल्सचा, लंडनचा. खर्च करणार नगरपालिका, विद्यापीठ, रेल्वे. मग मधल्या मंत्र्याचं कर्तृत्व कशात मोजायचं?

---

तिरपागडा | शनिवार, रात्री १०:१२

लेख छान, माहिती नवीन. पण उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत की. पैसा दुसऱ्याचा, काम तिसऱ्याचं, मधला माणूस पोस्टमन. फीत कापायला मात्र पहिला हजर.

---

नीरजा_बेलफास्ट | शनिवार, रात्री १०:५५

तिरपागडा, इथे फीत कापायला मंत्रीच नसतो हो. जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२० स्टॉर्मंट बंद. फेब्रुवारी २०२२ ते फेब्रुवारी २०२४ पुन्हा बंद. एक पक्ष रुसला की सरकारच पडतं, अशी रचना आहे. मी इथे आल्यापासून जितकी वर्षं सरकार चालू होतं, जवळजवळ तितकीच बंद होतं.

---

डंडॉककर | शनिवार, रात्री ११:३०

नीरजाताईंनी नेमकं बोट ठेवलं.

तिरपागडा, पोस्टमन म्हणा हवं तर, पण हे टपाल पोचवायला दोन सह्या लागतात. युरोपचा पैसा एकटा येत नाही, त्याच्यासोबत स्थानिक सरकारनं आपला हिस्सा घालावा लागतो. इथे सगळे त्याला 'मॅच' म्हणतात. मॅच घालायचा निर्णय मंत्र्याचा. कार्यक्रमाला मंजुरी उत्तर-दक्षिण मंत्री परिषदेत द्यायची, तिथे दोन्हीकडचा मंत्री समोरासमोर लागतो. मर्फी अर्थमंत्री असताना पलीकडे मायकल मॅग्रा होते, 'पीस प्लस' या दोघांच्या काळात आकाराला आलं. युरोपियन कमिशनची मोहोर जुलै २०२२ मध्ये लागली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रेक्झिटच्या भांडणापायी उत्तरेतल्या डीयूपी या ब्रिटननिष्ठ पक्षानं परिषदेच्या बैठकांवर बहिष्कार घातला होता. कोर्टानं तो बेकायदा ठरवला, तरी बैठका काही धड भरेनात. अशा हवेत ११४ कोटींचा कार्यक्रम तडीला नेणं हे मी तरी पोस्टमनचं काम मानत नाही.

आणि एक न्यारो वॉटरची गोष्ट ऐका, मग बोला.

आमच्या कूली द्वीपकल्पावर ओमीथ गाव आहे. समोर, खाडीच्या पलीकडे, वॉरनपॉइंट. दिसतं इतकं जवळ की तिकडच्या चर्चची घंटा वारा असेल तर ऐकू येते. पण गाडीनं जायचं तर न्यूरीपर्यंत वर जाऊन वळसा घालून पलीकडच्या काठानं खाली उतरायचं. तिथे, न्यारो वॉटरला, पूल व्हावा ही मागणी आजोबांच्या काळापासूनची. २०१२ मध्ये युरोपच्या इंटररेग या सीमापार निधीतून त्याला १ कोटी ७४ लाख युरो मंजूर झाले. गावात बत्ताशे वाटायचे तेवढे बाकी होते. २०१३ मध्ये निविदा उघडल्या, त्या अंदाजाच्या कितीतरी वर. उरलेले पैसे कोण घालणार यावर दोन्हीकडची सरकारं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. मुदत संपत आली आणि त्या ऑक्टोबरात मंडळानं निधी काढून घेतला, दुसऱ्या कामांना दिला. पैसा कुणी खाल्ला नाही हो! नुसता परत गेला.

---

हिशेबनीस | रविवार, सकाळी ६:२०

बाई, हे वाचून आम्हाला घरच्यासारखं वाटलं. मंत्रालयात नियोजनात बत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे ३१ मार्च असतो. फेब्रुवारीपर्यंत निधी वितरित व्हायचा नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत ट्रेझरीत बिलं. जे नाही झालं ते व्यपगत. तुमच्याकडे हे कसं असतं?

अवांतर: प्रादेशिक असमतोल म्हणाल तर १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल काढून वाचा. ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला होता, जिल्हावार. त्यातून पुढे १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मंडळ असताना लोक विचारायचे, मंडळानं केलं काय? आता नाही तर विचारतात, मंडळ कुठे गेलं?

---

डंडॉककर | रविवार, सकाळी १०:०५

काका, इथे 'एन अधिक तीन' म्हणतात. ज्या वर्षीचा निधी, त्यानंतर तीन वर्षांत खर्च दाखवला नाही तर ब्रसेल्स वजा करून टाकतं. म्हणजे तुमचा ३१ मार्च, फक्त तीन वर्षांनी येणारा. स्टॉर्मंट दोन-तीन वर्षं बंद पडलं की हे घड्याळ काही थांबत नाही.

आणि पैसा आधी मिळत नाही. आधी तुम्ही खर्च करा, बिलं लावा, मग परतावा. हे मी स्वतः केलंय. सरहद्दीवरच्या एका बायकांच्या छोट्या गटात (नाव नको) मी आठवड्यातून दोन दिवस हिशेब बघायचे. दोन्ही बाजूंच्या बायकांना एकत्र आणून शिवण, संगणक, आणि खरं सांगायचं तर चहा. आमच्या समन्वयकबाईचा अर्धा वेळ या प्रकल्पावर आणि अर्धा दुसऱ्या. म्हणून दर महिन्याला वेळेचा तक्ता. सोमवारी किती तास यावर, किती तास त्यावर. खाली तिची सही, वर साहेबाची सही. एका महिन्यात साहेबाच्या सहीची तारीख तिच्या सहीच्या आदली पडली. म्हणजे काम संपायच्या आत साहेबानं मान्य केलं! अख्खा दावा परत. बसचं भाडं पौंडात होतं, ते मी बँकेच्या दरानं युरोत मांडलं. चुकलं. युरोपियन कमिशनचा त्या महिन्याचा ठरलेला दर घ्यायचा असतो. पुन्हा परत. अकरा महिने लागले पैसे यायला, आणि तोवर भाडं, पगार सगळं ओव्हरड्राफ्टवर. नवीन कार्यक्रमात खर्चाचे ठोक दर बरेच आणलेत, कटकट कमी झालीय असं जुन्या मैत्रिणी सांगतात. पण मला अजून पौंडाचं बिल दिसलं की पोटात गोळा येतो.

---

मालवणी_गजाली | रविवार, दुपारी १२:४०

अहो, तुम्ही डब्लिनचा पैसा डब्लिनचा पैसा म्हणताय आणि आमच्या वराडचं नावच नाही? लिओ वराडकर! वडील अशोक डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात गावात येऊन गेला तेव्हा मी कुडाळला होतो, पण रस्त्यावर एवढे पोलीस की पुढे जाऊक गावला नाय. तर त्याचा यात हात होता की नाही?

---

डंडॉककर | रविवार, दुपारी १:२५

होता की! राहिलंच सांगायचं. मिहॉल मार्टिन पंतप्रधान असताना २०२० मध्ये त्यांनी 'शेअर्ड आयलंड' नावाचा वेगळा निधी काढला. हा युरोपचा नव्हे, डब्लिनच्या स्वतःच्या तिजोरीतला. आधी ५० कोटी युरो म्हणाले, मग २०३० पर्यंत १०० कोटी. वराडकर पंतप्रधानपदी असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये, स्टॉर्मंट पुन्हा सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा सर्वात मोठी घोषणा झाली. ए-फाइव्ह महामार्गाला ६० कोटी युरो, बेलफास्टच्या केसमेंट पार्क स्टेडियमला ५ कोटी, डब्लिन-बेलफास्ट गाडी दर तासाला करायला सव्वा कोटी, शिवाय न्यारो वॉटरचा पूल. महिन्याभरानं त्यांनी राजीनामा जाहीर केला. तासाची गाडी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरूही झाली.

डेरीला मगी नावाचा विद्यापीठाचा परिसर आहे, १९६५ ची ती जखम. तिथल्या नव्या इमारतीला याच निधीतून ४ कोटी ४५ लाख युरो आले. उत्तरेकडून मर्फींनी काय केलं, तर खातं हातात येताच मगीसाठी कृतिदल नेमलं. १०,००० विद्यार्थी हे जुनं लक्ष्य भाषणातून काढून वर्षवार आराखड्यात घालायला लावलं. मला त्यांचं हे काम सर्वात महत्त्वाचं वाटतं. इमारत पलीकडचं सरकार बांधून देईल, पण जागा वाढवायला परवानगी आणि दरवर्षीचा खर्च अलीकडच्या सरकारलाच करायचा असतो. मंत्र्यानं ते अंगावर घेतलं नाही तर नवीन इमारतीत कबुतरं.

---

नीरजा_बेलफास्ट | रविवार, दुपारी ३:१०

डंडॉककर, तुमचा मर्फीप्रेमाचा सूर मला पूर्ण पटत नाही. त्यांच्या 'प्रादेशिक समतोल' योजनेचा आकडा तुम्ही दिला नाहीत. ११ नगरपालिकांसाठी तीन वर्षांत मिळून साडेचार कोटी पौंड. भागून बघा. दर वर्षी एका पालिकेला सरासरी चौदा लाखांच्या आसपास. त्यात आधी स्थानिक भागीदारी मंडळ बनवा, मग आराखडा करा, मग अर्ज. आमच्या ओळखीचे एक जण अशा बैठकीला जातात, त्यांचं म्हणणं, अर्ध्या बैठका बैठकीचं नाव काय असावं यावर.

आणि केसमेंट पार्क. डब्लिननं ५ कोटी दिले, पण लंडननं २०२४ च्या सप्टेंबरात सांगितलं की युरो २०२८ या फुटबॉल स्पर्धेसाठी वेळेत होणार नाही. आजही तिथे गवत उगवलंय. मी त्या रस्त्यानं रोज जाते.

शिवाय दुसरी बाजूही मांडायला हवी. माझ्या ऑफिसात जी युनियनिस्ट (उत्तर ब्रिटनमध्येच राहावं म्हणणाऱ्या) घरांतली माणसं आहेत, त्यांना हा 'शेअर्ड आयलंड'चा पैसा गोड लागत नाही. त्यांचं म्हणणं, आज रस्ता, उद्या स्टेडियम, परवा झेंडा. न्यारो वॉटर हे नाव ऐकलं की त्यांना पूल आठवत नाही. २७ ऑगस्ट १९७९ ला तिथे आयआरएनं दोन स्फोटांत १८ ब्रिटिश सैनिक मारले होते. त्याच दिवशी तिकडे स्लायगोत माउंटबॅटन, आपले शेवटचे व्हाइसरॉय, बोटीसकट उडवले गेले. त्या काठावर आता सायकल ट्रॅक येणार म्हटल्यावर सगळेच टाळ्या वाजवतील असं नाही.

---

सीमाभागवासी | रविवार, संध्याकाळी ५:००

बेळगावहून. शांतपणे वाचत होतो, पण नीरजाताईंच्या 'परवा झेंडा' वर थांबलो.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं आमच्या भागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली. लगेच बोम्मई सरकारचा आक्षेप. आमच्या राज्यात येऊन तुम्ही योजना कशा देता? तेव्हा आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी भाषणं झाली. माझ्या काकूंना मात्र एवढंच हवं होतं की मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या कार्डावर होईल.

तुमच्या इथे डब्लिन सरकार दुसऱ्या देशात हॉस्पिटल किंवा रस्त्याला पैसे देतं, तर ते बिनबोभाट कसं होतं?

---

क्षकिरण | रविवार, संध्याकाळी ६:३५

याचं उत्तर मी देऊ शकते, कारण मी असल्याच ठिकाणी नोकरी करते. डेरीच्या आल्टनागेल्विन हॉस्पिटलमध्ये कर्करोगाचं रेडिओथेरपी केंद्र आहे, २०१६ पासून. ते उभारताना दक्षिणेच्या सरकारनंही भांडवल घातलं, कारण डॉनिगॉलचे पेशंट तिथे येणार हे आधीच ठरलं होतं. त्याआधी त्यांना गॉलवे किंवा डब्लिनला जावं लागायचं. रोजचा दहा मिनिटांचा किरणोपचार, पाच-सहा आठवडे, आणि एका बाजूचा प्रवास तीन-चार तासांचा! लोक तिथेच खोली घेऊन राहायचे, नाहीतर उपचारच नको म्हणायचे.

सीमाभागवासी, बिनबोभाट होतं कारण आधी दोन्ही आरोग्य खात्यांचा लेखी करार आहे. किती पेशंट, दर पेशंटमागे कोण किती देणार, सगळं लिहिलेलं. आमच्या वेटिंग रूममध्ये डॉनिगॉलचा मेंढपाळ आणि डेरीचा निवृत्त पोलीस शेजारी बसतात. बोलतात फक्त हवामानावर.

मंत्री कोण होता ते मला आठवत नाही.

---

तिरपागडा | रविवार, रात्री ८:१५

क्षकिरणताईंचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

बरं, ए-फाइव्हचं काय झालं? ६० कोटी युरो म्हणालात. झाला का रस्ता?

---

डंडॉककर | रविवार, रात्री ९:५०

नाही झाला. आणि इथे मला माझ्या आवडत्या मंत्र्याच्याही पलीकडे जावं लागतं.

ए-फाइव्ह म्हणजे डेरीहून ऑघनक्लॉयपर्यंत ८५ किलोमीटर, पुढे दक्षिणेचा एन-टू धरून डब्लिन. आहे तो रस्ता दोन पदरी, वळणांचा. २००६ पासून त्यावर ५० हून जास्त माणसं गेली आहेत. २००७ मध्ये डब्लिननं ४० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं (त्यात लार्नकडच्या ए-एट रस्त्याचा वाटाही होता). तेव्हा प्रादेशिक विकास मंत्री हेच मर्फी. मग मंदी आली. २०११ मध्ये डब्लिननं हात आखडता घेतला, ५ कोटींवर आणलं. २०१३ मध्ये कोर्टानं योजना रद्द केली, कारण फॉइल आणि फिन नद्यांच्या संरक्षित पट्ट्याचा नियमाप्रमाणे अभ्यास झाला नव्हता. पुन्हा मंजुरी झाली ती २०१७ मध्ये, स्टॉर्मंट बंद असताना, अधिकाऱ्यांच्या सहीनं. मंत्र्याशिवाय एवढा मोठा निर्णय टिकेना म्हणून २०१८ मध्ये तीही बाद. मग २०२४ मध्ये डब्लिनचे ६० कोटी, ऑक्टोबरात उत्तरेचे पायाभूत सुविधा मंत्री जॉन ओ'डाउड यांनी हिरवा कंदील दाखवला. आणि जून २०२५ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयानं तिसऱ्यांदा रद्द! या वेळी कारण काय, तर २०२२ चा हवामान कायदा. स्टॉर्मंटनं स्वतःच केलेला. २०५० पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणायचं त्यात लिहिलंय आणि हा रस्ता त्यात कसा बसतो हे खात्यानं दाखवलंच नाही. खात्यानं अपील केलंय.

हिशेबनीस काका, तुम्ही फाइली बघितल्यात म्हणून सांगते. पैसा आहे, मंत्री आहे, दोन सरकारं राजी आहेत. अडलं कुठे, तर एका तक्त्यात. आमच्या बायकांच्या गटाचा दावा तारखेवरून परत आला होता, हाही तसाच परत आला. फक्त इथे मधल्या काळात माणसं मरतात.

---

नीरजा_बेलफास्ट | रविवार, रात्री १०:२०

हे मात्र पटलं. पण कोर्टाला दोष नको. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं, आधी कागद नीट करा. ओमाजवळच्या एका बाईंना मी टीव्हीवर पाहिलं. मुलगा गेलेला त्या रस्त्यावर. त्यांच्या शेजारच्याची जमीन रस्त्यात जाणारी. दोघं एकाच चर्चमध्ये जातात म्हणे.

---

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ६:०५

आमच्याकडे म्हण होती, मंत्री घोषणा करतो, सचिव टिपणी करतो आणि अव्वल कारकून राज्य करतो.

तरी तिरपागडा यांच्या मुद्द्याला माझं उत्तर सांगतो. असल्या कामात मंत्र्याला नवा पैसा आणावा लागतोच असं नाही. आलेला परत जाऊ दिला नाही तरी पुष्कळ झालं. बाईंनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं ना, कर्तृत्व कशात मोजायचं? व्यपगत निधीच्या विवरणपत्रात मोजा. ते कुणी छापत नाही, पण असतं.

ते पुलाचं अर्धवट राहिलं. झाला का?

---

डंडॉककर | सोमवार, दुपारी ४:३०

काका, तुमचं 'विवरणपत्र' मी उचलणार आहे हं.

पूल होतोय! 'शेअर्ड आयलंड'मधून १० कोटी २० लाख युरो, २०२४ च्या जूनमध्ये काम सुरू. १९५ मीटर लांब, केबलचा, मधला भाग उघडणारा, म्हणजे उंच शिडाच्या बोटी न्यूरीकडे जाऊ शकतील. २०१३ मध्ये जेवढे परत गेले त्याच्या जवळजवळ सहापट पैसे आता लागतायत, हे मात्र विवरणपत्रात येणार नाही.

काल मुलाला घेऊन ओमीथच्या काठावर गेले होते. भरती होती. पिवळी क्रेन पाण्यावर वाकलेली, मागे पलीकडच्या काठावरचा तो जुना चौकोनी बुरूज. सहा वर्षांचा आहे, क्रेनशिवाय त्याला काही दिसत नाही. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन उभे होते, त्यांनी आपणहून सांगितलं, लहानपणी इथून होडीनं पलीकडे जायचो, बायका लोणी आणायला जायच्या, युद्धाच्या काळात दोन्हीकडे वेगवेगळ्या गोष्टींचं रेशन असायचं म्हणून. मग म्हणाले, पूल झाला की पहिल्या दिवशी चालत जाणार, गुडघे राहिले तर.

---

मालवणी_गजाली | सोमवार, संध्याकाळी ५:१५

झकास! तुम्हीही जा पहिल्या दिवशी. फोटो टाका.

---

डंडॉककर | सोमवार, संध्याकाळी ६:००

मी नाही जाऊ शकत.

भारतीय पासपोर्ट आहे अजून. आयर्लंडचा राहण्याचा परवाना असला तरी उत्तरेत पाऊल टाकायला वेगळा ब्रिटिश व्हिसा लागतो. फाटक नाही, पण नियम आहे, आणि उत्तरेकडून येणाऱ्या बसमध्ये गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, मधूनच चढून पासपोर्ट विचारतात. मुलगा इथला जन्माचा, त्याचा पासपोर्ट आयरिश, तो जाऊ शकतो. आमच्या त्या बायकांच्या गटात मीच एक होते जिला न्यूरीच्या बैठकीला जाता यायचं नाही. प्रकल्पाचं नाव 'सीमापार'. मग त्या सगळ्या माझ्यासाठी डंडॉकला यायच्या, आणि त्यांच्या प्रवासाची बिलं पौंडात असायची.

नागरिकत्वाचा अर्ज गेल्या वर्षी टाकलाय. बघू, आधी पूल होतो का ते.

नीरजाताई, तोवर एक काम करा. तुमच्या बाजूनं, वॉरनपॉइंटहून, पुलाचा फोटो काढून टाका ना इथे. तिकडून ओमीथ कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच नाहीये.

---

नीरजा_बेलफास्ट | सोमवार, संध्याकाळी ७:४५

रविवारी जाते. पाऊस नसला तर. असला तरी जाते.